'ॲनेक्स'ला मराठीत काय म्हणायचं? नव्या अनुवादकांसाठी आणि बातमी लिहिणाऱ्यांसाठी

इंग्रजी मजकुरात 'ॲनेक्स' हा शब्द आला की नवखा अनुवादक कोश उघडतो. तिथे 'जोडणे, सामील करणे, खालसा करणे, विलीन करणे' अशी रांग असते. मग पहिला शब्द उचलला जातो, नाहीतर कानाला भारदस्त वाटेल तो. घोळ इथूनच सुरू होतो, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'खालसा' म्हटलं की मराठी वाचकाला डलहौसी आठवतो, 'विलीनीकरण' म्हटलं की संस्थानांचा काळ, 'हद्दवाढ' म्हटलं की महापालिकेची सभा आणि गावकऱ्यांचा मोर्चा. कुणी जोडलं, कुणाच्या मर्जीनं जोडलं, कोणत्या कागदानं जोडलं हे इंग्रजी क्रियापद सांगत नाही. मराठीत मात्र ते शब्दातच येऊन बसतं. त्यामुळे आधी तपशील शोधायचा आणि मग शब्द. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत.

पायरी १ : जोडलं काय, ते ठरवा

देश किंवा राज्यक्षेत्र, शहराच्या हद्दीत आलेली गावं, मूळ इमारतीला जोडून उभी राहिलेली दुसरी इमारत आणि पत्रासोबतचा कागद, अशा चार गोष्टींसाठी हा शब्द येतो. या चारांचे मराठी शब्द पूर्ण वेगळे आहेत. इमारत आणि कागद ओळखायला सोपे असतात. चुका होतात त्या प्रदेश आणि गावं यांत. एखाद्या अमेरिकी शहरानं शेजारची वस्ती 'ॲनेक्स' केली अशी बातमी आली, तर ती हद्दवाढीची बातमी आहे. तिथे 'शहराने वस्ती खालसा केली' असं लिहिलं तर वाचकाला वाटेल की तिथे फौजा उतरल्या.

'राज्यक्षेत्र' हा शब्दही ओळखीचा करून घ्या. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात भूभागासाठी तोच वापरला आहे. कायद्याचा किंवा कराराचा मजकूर असेल तर 'राज्यक्षेत्र', बातमीत 'प्रदेश' किंवा 'भूभाग' चालतो.

पायरी २ : ताबा आणि जोडणी वेगळ्या करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सैन्य घुसलं, ठाणी घेतली, कारभार हातात घेतला, की तो झाला ताबा किंवा कब्जा. 'हा प्रदेश आता आमच्याच राज्याचा भाग' असं कायद्यानं, फर्मानानं किंवा ठरावानं जाहीर केलं, की ती जोडणी. या दोन्हींमध्ये काही दिवस जातात, कधी कधी बरीच वर्षं जातात.

कुवेतचं उदाहरण घ्या. इराकी सैन्य २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतमध्ये शिरलं. कुवेत इराकमध्ये जोडल्याची घोषणा ८ ऑगस्टला झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ९ ऑगस्टला ६६२ क्रमांकाचा ठराव करून ही जोडणी रद्दबातल ठरवली. त्यामुळे '२ ऑगस्टला इराकने कुवेत जोडून घेतलं' हे वाक्य चूक आहे आणि '२ ऑगस्टला इराकने कुवेतचा ताबा घेतला' हे बरोबर आहे. गोलन टेकड्यांच्या बाबतीत तर मधे १४ वर्षं आहेत. इस्रायलनं या टेकड्या १९६७ च्या युद्धात सीरियाकडून घेतल्या आणि तिथे स्वतःचा कायदा, अधिकारक्षेत्र आणि प्रशासन लागू करणारा कायदा डिसेंबर १९८१ मध्ये केला. त्या कायद्यात 'जोडणे' असा शब्दच नाही. जगानं मात्र त्याचा अर्थ जोडणी असाच घेतला आणि सुरक्षा परिषदेच्या ठराव ४९७ नं तो अमान्य केला. असं असेल तर मराठीतही दोन वाक्यं करा: एकात कायद्यानं काय केलं ते, दुसऱ्यात त्याचा अर्थ कुणी काय लावला ते.

ताब्यातल्या प्रदेशासाठी 'व्याप्त' हा शब्द मराठीत पक्का रुळला आहे, 'पाकव्याप्त काश्मीर' या प्रयोगामुळे. इतर देशांच्या संदर्भातही तो बिनधास्त वापरा. जोडणीची घोषणा झाली असेल आणि ती बाकीच्यांना मान्य नसेल, तर 'व्याप्त' सोडून देऊ नका.

पायरी ३ : मर्जी कुणाची, ते क्रियापदात दाखवा

मराठीतलं साधं क्रियापद इथे फार मोठं काम करतं. पुढची तीन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

'क्रिमिया रशियात सामील झाला.'
'रशियाने क्रिमिया आपल्या राज्याला जोडून घेतला.'
'रशियाने क्रिमिया बळकावला.'

घटना एकच आहे. क्रिमिया हा युक्रेनचा भाग; १६ मार्च २०१४ ला तिथे सार्वमत घेतलं गेलं, १८ मार्चला मॉस्कोत करारावर सह्या झाल्या आणि २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ते सार्वमत अवैध ठरवणारा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी संमत केला. ५८ देश तटस्थ राहिले. पहिल्या वाक्यात कर्ता क्रिमिया आहे, म्हणजे तो आपणहून गेला असा अर्थ निघतो. तो रशियाचा दावा आहे, आणि असं वाक्य लिहिणारा नकळत तो दावा मान्य करून बसतो. तिसऱ्या वाक्यात लेखकाचं मत आहे. अग्रलेखात ते शोभेल, बातमीत ते कुणाच्या तरी तोंडी घालावं लागेल. बातमीसाठी दुसरं वाक्य घ्या. 'जोडून घेणे' यातल्या 'घेणे'मुळे कृती कुणाची आणि फायदा कुणाचा हे स्पष्ट होतं, पण निवाडा दिला जात नाही.

हाच फरक 'सामील होणे' आणि 'सामील करून घेणे' यांत आहे. 'सामील झाला' हे फक्त तिथे लिहा, जिथे त्या प्रदेशाच्या मान्य सरकारनं किंवा जनतेनं स्वतः निर्णय घेतला आणि त्यावर वाद नाही. 'जोडला गेला' हा प्रयोग शक्यतो टाळा. त्यात जोडणारा गायब होतो आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं.

'गिळंकृत करणे', 'घशात घालणे', 'हडपणे' हे शब्द जोरकस आहेत आणि मराठीला ते हवेतच. ते कुठे वापरायचे हे आधी ठरवा. मथळ्यात जागा कमी म्हणून 'हडपला' लिहायचं आणि खाली मजकुरात 'सार्वमतानंतर सामील झाला' असं यायचं, हे वाचकावर अन्याय करणारं आहे.

पायरी ४ : 'खालसा' कुठे लिहायचं आणि कुठे नाही

'खालसा'चा जुना कारभारी अर्थ असा: जहागीर, इनाम किंवा मांडलिक राज्य यांच्या मधली कडी काढून टाकायची आणि मुलूख थेट सरकारच्या वसुलीखाली आणायचा. हा अर्थ लक्षात ठेवला तर शब्द चुकत नाही. आधी वरिष्ठ सत्ता आणि कनिष्ठ संस्थान असं नातं हवं; वरिष्ठानं कनिष्ठाचं वेगळं अस्तित्व संपवलं की ते संस्थान खालसा झालं.

सातारा (१८४८), झाशी (१८५४) आणि नागपूर (१८५४) ही संस्थानं दत्तक वारस नामंजूर करून खालसा केली. अवध १८५६ मध्ये खालसा झालं, पण तिथे वारसाचा प्रश्न नव्हता, गैरकारभाराचं कारण पुढे केलं होतं. शालेय मजकुरात ही चारही नावं 'दत्तक वारस नामंजूर' या एकाच ओळीत गोवली जातात. अनुवाद करताना अवध त्यातून बाहेर काढा.

पंजाबच्या बाबतीत हा शब्द अडचणीत आणतो. १८४९ मध्ये दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धानंतर पंजाब ब्रिटिश राज्याला जोडला गेला. शिखांच्या पंथाचं नावच खालसा, त्याची स्थापना १६९९ ची, आणि त्यांच्या फौजेलाही खालसा फौज म्हणत. 'खालसा फौजेचा पराभव करून पंजाब खालसा केला' या वाक्यात वाचक हमखास अडखळतो. शिवाय पंजाब हे सातारा-नागपूरसारखं जुनं मांडलिक संस्थान नव्हतं, इंग्रजांशी युद्धं होण्याआधी ते स्वतंत्र राज्य होतं. इथे सरळ 'इंग्रजांनी पंजाब जिंकून आपल्या राज्याला जोडला' असं लिहा.

बोलण्यात लोक 'संस्थानं खालसा झाली' असं १९४८-४९ बद्दलही म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी ते वाक्य असेल तर तसंच ठेवा. आपल्या निवेदनात मात्र 'विलीन झाली' लिहा, कारण तिथे करार झाले होते आणि त्यांवर राजांच्या सह्या होत्या.

विसाव्या शतकातल्या परदेशी घटनांना 'खालसा' लावू नका. जपाननं १९१० मध्ये कोरिया जोडून घेतला, जर्मनीनं मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जोडून घेतला. या दोन्ही ठिकाणी 'खालसा' लिहिलं तर कंपनी सरकारचा वास येतो आणि काळाचं भान सुटतं.

पायरी ५ : सामीलनामा, विलीनीकरण, मुक्ती

या तीन शब्दांना स्वतंत्र तारखा असतात. ही गोष्ट एकदा मनात पक्की झाली की निम्मं काम होतं.

सामीलनामा म्हणजे संस्थानानं भारतीय संघराज्यात येण्याचं मान्य केल्याचा कागद. त्यानं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय केंद्राकडे गेले. संस्थानाचा कारभार तेवढ्यानं संपला नाही. विलीनीकरण ही पुढची पायरी, ज्यात संस्थानाचा कारभारच शेजारच्या प्रांतात मिसळला. सांगली, औंध, फलटण ही दख्खनची संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला आणि बडोदा १ मे १९४९ ला. 'कोल्हापूर १९४९ मध्ये भारतात सामील झालं' हे म्हणूनच चूक आहे. ते भारतात त्याआधीच आलं होतं. १९४९ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. 'कशात' विलीन झालं हा शब्द वाक्यात असलाच पाहिजे. तो लिहायला गेलात की अशी चूक आपोआप सापडते.

मुक्ती आणि विलीनीकरण यांतलं अंतर पाहायचं तर दादरा आणि नगर हवेली पाहा. पोर्तुगीज सत्ता तिथून १९५४ मध्ये गेली. भारतीय संघराज्यात तो प्रदेश दहाव्या घटनादुरुस्तीनं ऑगस्ट १९६१ मध्ये आला. मधली सात वर्षं तो मुक्त होता, पण संघराज्याचा भाग नव्हता. इथे दोन्ही शब्द लागतात आणि दोन्ही तारखा लागतात.

हैदराबादबद्दल मराठवाड्यातला वाचक 'मुक्तिसंग्राम' हा शब्द वापरतो आणि १७ सप्टेंबर हा दिवस पाळतो. इंग्रजी पुस्तकात तिथे 'ॲनेक्सेशन' लिहिलेलं सापडेल. अनुवादात मूळ लेखकाचा शब्द बदलायचा अधिकार आपल्याला नाही, तेव्हा त्याचं म्हणणं त्याच्याच नावावर ठेवा: 'लेखकाच्या मते हैदराबाद भारताने बळाने जोडून घेतलं.' स्वतःच्या लेखात मात्र 'मुक्ती' लिहा. इथल्या लोकांनी तो लढा ज्या नावानं लढला, ते नाव कागदावरून पुसलं जाऊ नये.

गोव्याच्या बाबतीत जास्तीची काळजी घ्या. १९ डिसेंबर १९६१ हा गोव्याचा मुक्तिदिन. बाराव्या घटनादुरुस्तीनं गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्याची नोंद २० डिसेंबर १९६१ पासून धरली गेली. आता कुणी सरळ मनानं लिहितं, 'गोव्याचं विलीनीकरण १९६१ मध्ये झालं.' गोव्यातला वाचक तिथेच थांबेल. गोव्यात 'विलीनीकरण' म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा प्रश्न. त्यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला आणि गोव्यानं वेगळं राहणं पसंत केलं. 'विलीनीकरणवादी' हा शब्दही तिथे याच अर्थानं चालतो. त्यामुळे १९६१ साठी 'मुक्ती' किंवा 'भारतीय संघराज्यात समावेश' आणि १९६७ साठी 'विलीनीकरण' असे शब्द वाटून घ्या.

सिक्कीमसाठी 'भारतीय संघराज्यात समावेश' किंवा 'विलीनीकरण' दोन्ही चालतील. एप्रिल १९७५ चं सार्वमत आणि ३६ वी घटनादुरुस्ती हे दोन्ही तपशील द्या. १६ मे १९७५ पासून ते राज्य झालं.

एक इशारा. गेल्या काही वर्षांत 'विलीनीकरण' हा शब्द बँका आणि महामंडळांकडे सरकला आहे. १ एप्रिल २०२० चं सरकारी बँकांचं विलीनीकरण किंवा एसटी कर्मचाऱ्यांची राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी तरुण वाचकाला आधी आठवते. म्हणून मथळ्यात नुसतं 'विलीनीकरण' लिहू नका. 'संस्थानांचं विलीनीकरण' असं पूर्ण लिहा.

पायरी ६ : गावं शहरात येतात तेव्हा

इथला शब्द 'हद्दवाढ'. गावांबद्दल बोलताना 'समावेश' आणि 'समाविष्ट गावं'. काढून टाकली तर 'वगळली'. पुण्यात 'समाविष्ट गावं' हा शब्द इतका मुरला आहे की पुढे काही सांगावं लागत नाही. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत ३८ गावं घेतली आणि पुढे त्यांतली काही वगळली. २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ आली, म्हणजे दोन्ही मिळून ३४. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांना महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आकडा लिहिताना वर्ष जोडलंच पाहिजे, नाहीतर ११, २३, ३४, ३८ यांची गल्लत होते.

बातमीत टप्पा अचूक लिहा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे, महापालिकेचा नाही. महापालिका प्रस्ताव पाठवते किंवा तिचं मत विचारलं जातं. मग प्रारूप अधिसूचना निघते, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि शेवटी शासन राजपत्रात अंतिम अधिसूचना प्रसिद्ध होते. सर्वसाधारण सभेत ठराव झाला त्याच दिवशी 'गावे महापालिकेत' असा मथळा देणं चूक आहे. त्या दिवशी फक्त 'हद्दवाढीच्या प्रस्तावाला मंजुरी' झालेली असते. कोल्हापूरची हद्दवाढ वर्षानुवर्षं प्रस्तावांत अडकली, हे आठवलं तरी या फरकाचं वजन कळेल.

आणखी तीन चुका नवखे लोक नेहमी करतात.

'महापालिकेने गावांची जमीन घेतली': हे भूसंपादन झालं. हद्दवाढीत जमिनीची मालकी बदलत नाही. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर राहतो. बदलते ती स्थानिक संस्था. ग्रामपंचायत बरखास्त होते, सरपंचपद जातं, दप्तर महापालिकेकडे जातं आणि घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधून महापालिकेच्या मिळकतकराच्या नोंदीत येते.

'गावांचं विलीनीकरण': हे दोन ग्रामपंचायती एक झाल्या तर म्हणता येईल. गाव शहरात आलं तर 'समावेश'.

'गावांचा सगळा कारभार महापालिकेकडे': हे नेहमी खरं नसतं. २०२१ मध्ये पुण्यात आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्याचं काम शासनानं पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिलं होतं. पाणी कुणाचं, कचरा कुणाचा, बांधकाम परवानगी कुणाची हे वेगवेगळं विचारून मगच लिहा. गावातल्या माणसाला बातमीतून तेच हवं असतं.

आणि 'हद्द' व 'शीव' यांची अदलाबदल करू नका. शीव गावाची, तिला जुनी वहिवाट असते. हद्द प्रशासनाची, ती अधिसूचनेनं बदलते. गाव पालिकेत गेलं तरी त्याची शीव लोकांच्या बोलण्यात आणि मोजणीच्या नकाशात राहते.

पायरी ७ : इमारत

मूळ इमारत मुख्य राहिली, संस्था तीच, आणि जागा अपुरी पडली म्हणून शेजारी दुसरी उभी केली, तर ती 'जोडइमारत' किंवा 'विस्तारित इमारत'. भिंतीला भिंत लागलेली असणं गरजेचं नाही. मधे पूल, व्हरांडा किंवा नुसतं आवार असलं तरी चालतं. शासकीय पत्त्यांमध्ये 'मंत्रालय (विस्तार)' असं दिसतं. विशेषनाम म्हणून जे रूप पत्त्यावर आहे तेच लिहा, स्वतःचं भाषांतर करू नका, नाहीतर माणूस चुकीच्या दारात उभा राहील.

'वाढीव बांधकाम' हा शब्द रुग्णालयाच्या नव्या इमारतीला लावू नका. महापालिकेच्या नोटिशीतून आल्यामुळे त्याला अनधिकृतपणाची छटा आहे. वर मजला चढवला तर ती जोडइमारत नव्हे. सोसायटीतली 'बी विंग' ही 'ए विंग'ची जोडइमारत नव्हे, दोन्ही बरोबरीच्या आहेत. 'संलग्न' हा शब्दही इथे नको. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असतं, रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असतं. तिथे दोन संस्था असतात आणि दोघींची ओळख वेगळी राहते.

घराच्या बाबतीत आपल्याकडचे शब्द आधी आठवा: पडवी, सोपा, ओसरी, माडी, मागची खोली. ॲमस्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्त २६३ या पत्त्यावर, डायरीमुळे माहीत असलेल्या ॲन फ्रँकचं कुटुंब नाझींपासून जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत लपून राहिलं. त्या जागेला इंग्रजीत 'ॲनेक्स' म्हणतात. ती कालव्याकडे तोंड असलेल्या इमारतीच्या पाठीमागची बाजू होती, आणि डच शब्दाचा अर्थही 'मागचं घर' असाच आहे. मराठीत 'जोडइमारत' लिहिलं तर वाचक शेजारी उभी असलेली, रस्त्यावरून दिसणारी इमारत कल्पितो आणि लपणं कसं शक्य झालं हेच त्याला कळत नाही. 'मागचं घर' लिहिलं की कळतं.

पायरी ८ : कागद

अहवालाच्या शेवटी येतं ते 'परिशिष्ट' (परिशिष्ट अ, परिशिष्ट ब). पत्रासोबत पाठवतात ते 'सहपत्र', आणि पत्राच्या खाली डावीकडे त्यांची संख्या लिहायची. अर्जाच्या नमुन्याचाच भाग असलेलं, भरून द्यायचं पान म्हणजे 'जोडपत्र'. कराराचं परिशिष्ट करारातल्या कलमाइतकंच बंधनकारक असू शकतं, त्यामुळे अनुवाद करताना अक्षरांचा किंवा क्रमांकांचा मूळ क्रम बदलू नका. मूळ कागदात 'बी' असेल आणि तुम्ही 'ब' केलं, तर ते सगळीकडे 'ब'च ठेवा, मुख्य मजकुरातल्या उल्लेखांसकट.